गुंगी किती गाढ?

दुर्बिणीच्या तपासणीला आलेला माणूस आत जाण्यापूर्वी बहुधा एकच गोष्ट विचारतो : "भूल देणार ना?" विचारणारा तुर्भ्याच्या घाऊक बाजारातला माथाडी कामगार असो, ऐरोलीच्या आयटी कंपनीतली तरुणी असो की दिवाळे कोळीवाड्यातली सत्तरीची आजी, "हो, देणार" एवढं ऐकलं की जीव भांड्यात पडतो. घशातून नळी जाताना कळणार नाही, उमासे येणार नाहीत, जाग येईल तेव्हा सगळं आटोपलेलं असेल. ही अपेक्षा रास्त आहे आणि आजच्या औषधांनी ती पुरीही होते. पण त्याच्या पुढचे दोन प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गुंगी किती गाढ देणार? आणि ती दिल्यावर माझ्याकडे लक्ष कोण ठेवणार? हे पुस्तक त्या दोन प्रश्नांसाठी लिहिलं गेलं आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडलेलं बरं. गुंगीचा गाढपणा नुसत्या औषधाच्या मात्रेने ठरत नाही. तो त्याच रुग्णात, त्याच तपासणीत, मिनिटामिनिटाला बदलतो. म्हणून दुर्बीण आत जाण्याआधीपासून रुग्ण नीट जागा होईपर्यंत त्याच्या श्वासाकडे पाहत राहणं हेच ज्याचं काम आहे, असा एक शिकलेला माणूस त्या खोलीत हवाच. यंत्रं त्याच्या मदतीला आहेत. त्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

नवी मुंबईत हा विषय आता घरोघरचा झाला आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा आजचं शहर नव्हतंच. १९९२ साली महापालिकेचा कारभार सुरू झाला तेव्हाही पोटाचं काही गुंतागुंतीचं दुखणं निघालं की खाडीपूल ओलांडून शीव नाहीतर परळ गाठायची सवय होती. आज वाशीला पालिकेचं रुग्णालय आहे, नेरूळ आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अॅक्ट्रेक आहे, बेलापूर-कोपरखैरण्याला मोठी खासगी रुग्णालयं आहेत, आणि सेक्टरासेक्टरांत थोड्या खाटांची लहान रुग्णालयं आहेत. सकाळी हार्बर लोकलने यायचं, दुपारी घरी जायचं, अशा बेताने लोक दुर्बिणीला येतात. सोय झाली ही फार चांगली गोष्ट आहे. तंबाखूमुळे होणारा अन्ननलिकेचा कर्करोग आपल्याकडे किती उशिरा सापडतो हे ज्यांनी पाहिलं आहे, ते दुर्बीण लोकांच्या जवळ आल्याचं मोल जाणतात. पण तपासणी जितकी सोपी वाटू लागते, तितकी तिच्यासोबतची गुंगीही किरकोळ वाटू लागते, आणि माझी काळजी तिथे सुरू होते.

जठराची साधी दुर्बीण पाच-दहा मिनिटांत होते. मोठ्या आतड्याच्या तपासणीला अर्धा तास लागतो. पित्तनलिकेतला खडा काढायची ईआरसीपी तासभरही चालते, आणि तीही रुग्णाला पालथं किंवा कुशीवर झोपवून, दिवे मंद केलेल्या खोलीत, शिशाचे एप्रन चढवलेल्या माणसांच्या गर्दीत. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ रुग्णाच्या उशाशी बसलेला असतो. इथे तोंडातून होणाऱ्या तपासणीत उशाशी दुर्बीण हाताळणारे डॉक्टर उभे असतात, कारण त्यांची वाटही तोंडातूनच जाते. श्वासाची वाट आणि कामाची वाट एकच. शिवाय बहुतेक रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घातलेली नसते. रुग्ण स्वतःचा स्वतः श्वास घेत असतो. तो घेतो आहे की नाही, हे कुणीतरी पाहिलं तरच कळतं.

गुंगीच्या पायऱ्या कशा ओळखायच्या, याची मांडणी अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली केली आणि ती आता जगभर वापरली जाते. पहिली हलकी : रुग्ण बोलतो, उत्तर देतो, फक्त धास्ती कमी झालेली असते. दुसरी मध्यम : डोळे मिटलेले, पण नाव घेतलं किंवा खांद्यावर हलकं थोपटलं की तो समजून प्रतिसाद देतो. तिसरी गाढ : सहज उठवता येत नाही, पुन्हा पुन्हा हलवलं किंवा दुखवलं तरच काही हेतूने हालचाल करतो, आणि इथे श्वास अपुरा पडू शकतो. चौथी म्हणजे पूर्ण भूल : दुखवलं तरी प्रतिसाद नाही, आणि श्वासाला बहुतेक वेळा मदत लागतेच. चिमटा काढल्यावर हात नुसता झटक्याने मागे ओढला, तर तो समजून दिलेला प्रतिसाद धरायचा नाही. हे त्या मांडणीत मुद्दाम सांगितलेलं आहे आणि नवशिक्यांची गफलत नेमकी तिथेच होते.

या चार पायऱ्या कागदावर वेगवेगळ्या दिसतात, प्रत्यक्षात तो एक सलग उतार आहे. दुसरीवर ठेवायचा बेत असलेला रुग्ण तिसरीवर केव्हा गेला ते त्याच्याकडे न पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणूनच त्या मांडणीतलं एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा : ज्या पायरीवर रुग्णाला ठेवायचं ठरवलं आहे, तिच्या पुढच्या पायरीवर तो घसरला तर त्याला तिथून सुखरूप मागे आणण्याचं कौशल्य गुंगी देणाऱ्याच्या हातात हवं. मध्यम गुंगी देणाऱ्याला गाढ गुंगीतला श्वास सांभाळता आला पाहिजे. जबडा पुढे उचलून जिभेने अडवलेली वाट मोकळी करणं, अॅम्बू बॅगने श्वास देणं, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते हाताला यावं लागतं.

गाढपणा बदलतो कशाने? मुख्यतः दोन गोष्टींनी : औषध आणि त्रास. घशातून दुर्बीण उतरते तेव्हा त्रास फार असतो. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूच्या वळणावर नळीचं वेटोळं होतं तेव्हा पोटात कळ येते. अशा क्षणी रुग्ण हलतो, कण्हतो, आणि खोलीतून आवाज येतो : "अजून थोडं द्या." औषध दिलं जातं. त्याचा पूर्ण असर होईपर्यंत वळण पार झालेलं असतं, कळ थांबलेली असते. आता औषध आहे, पण त्याच्याशी झगडणारा त्रास नाही. रुग्ण एकदम शांत होतो, आणि त्या शांततेचं सगळ्यांना बरं वाटतं. हाच काळ धोक्याचा आहे. दुर्बीण बाहेर काढल्यानंतरची पहिली काही मिनिटं तर विशेष, कारण त्रास पूर्ण संपलेला असतो, दिवे लावले जातात, डॉक्टर रिपोर्ट लिहायला वळतात, वॉर्डबॉय मामा ट्रॉली आणायला जातो, आणि मॉनिटरच्या तारा काढायला सुरुवात होते.

औषधांचं तपशीलवार वर्णन पुढे आहे; इथे दोनच औषधांबद्दल लिहितो, कारण दोन्हींचा इतिहास शिकवणारा आहे. मिडाझोलम १९८० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत वापरात आलं. तोवर डॉक्टरांचा हात डायझेपामवर बसलेला होता. मिडाझोलम त्याहून कितीतरी प्रभावी, पण सवयीच्या अंदाजाने ते दिलं गेलं आणि श्वास थांबून मृत्यू झाले. त्यानंतर औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा आला : थोडं द्या, थांबा, परिणाम बघा, मगच पुढचं द्या. वयस्क माणसात रक्ताभिसरण मंद असतं, औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून थांबणं आणखी लांबवावं लागतं. मिडाझोलमवर फ्लुमाझेनिल आणि फेंटानिलसारख्या वेदनाशामकांवर नॅलॉक्सोन असे उतारे आहेत. मात्र उताऱ्याचा असर मूळ औषधाआधी ओसरू शकतो. उतारा देऊन जागा केलेला रुग्ण तासाभराने पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, म्हणून त्याला लगेच घरी सोडता येत नाही.

दुसरं प्रोपोफॉल. जॉन ग्लेन या पशुवैद्यक संशोधकाच्या कामातून ते आलं, १९८६ साली ब्रिटनमध्ये वापरात आलं, आणि त्याबद्दल ग्लेन यांना २०१८ साली लास्कर पुरस्कार मिळाला. सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये मिसळलेलं असल्याने ते दुधासारखं पांढरं दिसतं. अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागते, बंद केलं की काही मिनिटांत जाग येते, आणि जाग प्रसन्न असते. दुर्बिणीच्या कामाला याहून सोयीचं औषध नाही. पण त्याला उतारा नाही, आणि मध्यम गुंगी व पूर्ण भूल यांच्यातलं अंतर या औषधात फार थोडं आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमधल्या एका एंडोस्कोपी केंद्रात प्रसिद्ध विनोदी कलाकार जोन रिव्हर्स यांची घशाची आणि जठराची तपासणी प्रोपोफॉलखाली चालू असताना प्राणवायू घसरला, हृदय थांबलं, आणि आठवडाभराने, ४ सप्टेंबरला, त्यांचं निधन झालं. पैसा, प्रसिद्धी, मोठं शहर, सगळं हाताशी होतं. अशी बातमी आली की लोक औषधाचं नाव लक्षात ठेवतात. मला वाटतं लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे : श्वास कमी पडतो आहे हे किती लवकर ओळखलं गेलं आणि ओळखल्यावर काय केलं गेलं.

भुलीत नेमकं कशाकडे लक्ष ठेवायचं हा वाद जुना आहे आणि त्याचा एक मोठा अध्याय आपल्या शेजारीच घडला. क्लोरोफॉर्म १८४७ च्या नोव्हेंबरात आलं. जानेवारी १८४८ मध्येच इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना त्याखाली दगावली. काम एवढंसं आणि मृत्यू झाला. पुढची कित्येक दशकं डॉक्टर भांडत राहिले : क्लोरोफॉर्म आधी हृदय थांबवतं की श्वास? नाडीवर बोट ठेवायचं की छातीकडे बघायचं? हैदराबादमध्ये एडवर्ड लॉरी हे शल्यचिकित्सक तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. श्वास आधी थांबतो, म्हणून श्वासच बघा, हे त्यांचं आग्रहाचं मत. १८८८ साली त्यांनी आयोग बसवून प्राण्यांवर प्रयोग केले. 'लॅन्सेट'ने निष्कर्षावर शंका घेतली, तेव्हा निजामाने पैसे देऊन लंडनहून तज्ज्ञ बोलावला. लॉडर ब्रंटन आले आणि १८८९ साली दुसरा आयोग झाला. औरंगाबाद, परभणी, नांदेड हा मुलूख तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. लॉरींच्या शाळेतून शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी रुग्णांना क्लोरोफॉर्म देण्याचं काम करत. जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. मराठी वाचकाला हे नाव माहीत असायला हवं.

हैदराबादचा निष्कर्ष अर्धा बरोबर निघाला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना, शरीरात अॅड्रेनालिन उसळलेलं असताना, हृदय अचानक फडफडून बंद पडू शकतं. म्हणजे गाढ भुलीत श्वासाचा धोका आणि अपुऱ्या भुलीत हृदयाचा. क्लोरोफॉर्म गेलं, पण त्या दोन टोकांमधली जागा शोधायचं काम आजही प्रत्येक रुग्णात नव्याने करावं लागतं.

अपुऱ्या भुलीच्या टोकाची एक गोष्ट कोकणातली आणि पुण्यातली आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. त्याला मोटारीने पुण्याला आणलं गेलं. तिथल्या खासगी रुग्णालयात उपचार झाले आणि त्याच रात्री तो गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो, कारण १९६८ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची तीन कर्तव्यं सांगितली : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणता हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. भुलीच्या अंगाने मात्र हा निकाल क्वचित वाचला जातो. न्यायालयांनी जे ग्राह्य धरलं ते असं : भूल न देता, मॉर्फियाच्या एकाच इंजेक्शनवर भागवून, तीन माणसांकडून पाय जोराने ओढून हाड बसवलं गेलं, आणि त्या आघातातून मृत्यू ओढवला. वेदनाशामकाने ग्लानी आलेला माणूस ओरडत नाही, म्हणून त्याच्या शरीराला आघात पोचत नाही असं नव्हे. दुर्बिणीच्या खोलीत "धरून ठेवा, झालंच आता" असे शब्द कानावर येतात तेव्हा मला हा निकाल आठवतो. हात धरून ठेवावे लागत असतील तर गुंगीचा बेत चुकला आहे; थांबून तो पुन्हा ठरवायला हवा.

आता यंत्रांकडे येतो. २०२० च्या साथीत वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाटा लागल्या, आणि घराघरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. 'सॅच्युरेशन' हा शब्द तेव्हापासून मराठी घरांत रुळला. आकडा ९५ च्या वर म्हणजे चिंता नाही, ही खूणगाठ लोकांनी बांधली. साथीत ती उपयोगी पडली, पण गुंगीच्या खोलीत तीच दिशाभूल करू शकते, आणि केवळ नातेवाइकांचीच नव्हे.

जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधलेल्या तत्त्वावर हे यंत्र चालतं. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश जातात, आणि धडधडणाऱ्या रक्ताने ते किती शोषले यावरून रक्तातला प्राणवायू काढला जातो. लक्षात घ्यायचं ते हे की यंत्र रक्तातला साठा सांगतं, चालू श्वास सांगत नाही. फुप्फुसात काही लिटर हवा शिल्लक असते. रुग्णाला आधीपासून ऑक्सिजन दिलेला असेल तर त्या हवेत प्राणवायू दाटलेला असतो. अशा वेळी श्वास पूर्ण थांबला तरी आकडा काही काळ ९८, ९९ दाखवत राहतो. मास्क घट्ट लावून पुरेसा ऑक्सिजन दिलेला निरोगी, सडपातळ प्रौढ श्वास न घेता सातआठ मिनिटंही ९० च्या वर राहू शकतो; अतिलठ्ठ माणूस तीन मिनिटंही नाही. आणि ९० च्या खाली आलं की घसरण झपाट्याने होते. नाकाला ऑक्सिजन लावणं आवश्यकच आहे, त्याने हातात वेळ येतो. पण तोच ऑक्सिजन थांबलेला श्वास आकड्याआड लपवतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि या पुस्तकातून वाचकाने एकच गोष्ट न्यायची ठरवली तर मी ही न्यायला सांगेन. बोटावरची काळी मेंदी, नेलपॉलिश, गार पडलेले हात यांनी आकडा बिघडतो, ते वेगळंच.

श्वास दाखवणारं यंत्र म्हणजे कॅप्नोग्राफ. बाहेर सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड अवरक्त प्रकाश शोषतो. नाकापाशी लावलेल्या बारीक नळीतून हवेचा नमुना सतत ओढून घेतला जातो आणि पडद्यावर प्रत्येक श्वासाची एक लाट उमटते. श्वास थांबला की लाट त्या क्षणी सपाट होते, बोटावरचा आकडा हलण्याच्या कितीतरी आधी. त्याचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. जीभ मागे पडून वाट अडली तरी छाती-पोट हलत राहतं, आणि दुरून पाहणाऱ्याला श्वास चालू वाटतो. लाट मात्र खरं सांगते. अमेरिकन भूलतज्ज्ञांनी २०११ पासून मध्यम आणि गाढ गुंगीत हे मापन आपल्या मानकांत आणलं. तोंडाने श्वास घेणाऱ्याची लाट लहान येते, सक्शनने ती विस्कटते, नळीत लाळ साचते. हे दोष खरे आहेत. त्यासाठी तोंडाशीही नमुना घेणारी नळी मिळते, आणि लाट विचित्र दिसली की आधी रुग्ण पाहायचा, मग नळी, हा क्रम शिकवावा लागतो. नवी मुंबईतल्या लहान-मोठ्या प्रत्येक दुर्बीण-खोलीत कॅप्नोग्राफ असावा असं माझं ठाम मत आहे. ज्या खोलीत काही लाखांची दुर्बीण आहे तिथे खर्चाची सबब टिकत नाही.

मेंदूच्या विद्युतलहरी कपाळावरच्या पट्टीतून वाचून गाढपणाचा आकडा देणारं बीआयएस १९९० च्या दशकात आलं. पूर्ण जागा माणूस शंभराच्या जवळ, पूर्ण भुलीत ४० ते ६०, गुंगी त्याच्या वर. आकडा मोहक आहे. पण तो काही सेकंद मागे चालतो, कपाळाच्या स्नायूंच्या हालचालीने चढतो, आणि केटामिन हे भुलीचं औषध दिलं असेल तर दिशाभूल करतो. दुर्बिणीच्या रुग्णांतल्या अभ्यासांचं एकूण तात्पर्य असं की त्याने प्रोपोफॉल थोडं कमी लागतं, पण प्राणवायू घसरण्याचे प्रसंग ठळकपणे कमी झालेले दिसत नाहीत. लांबणाऱ्या ईआरसीपीत, अति वृद्ध रुग्णात त्याची मदत जरूर घ्यावी. श्वासाचं काम त्याच्यावर सोपवू नये.

माणसाविना हे सगळं यंत्राने करून पाहिलं गेलं आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या सेडासिस यंत्राला २०१३ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. ते मधून मधून रुग्णाच्या कानात सूचना देई, हातातलं कंपन करणारं बटण दाबायला सांगे, प्रतिसाद आला नाही की प्रोपोफॉल कमी करी. २०१६ साली कंपनीने ते बंद केलं. त्यातली एक कल्पना मात्र अस्सल आहे आणि फुकट आहे : रुग्णाला बोलतं ठेवणं. तोंडात दुर्बीण असली तरी हात दाबता येतो. "काका, माझा हात दाबा" असं दर दोन-तीन मिनिटांनी म्हणणं, हे मध्यम गुंगीचं सर्वांत विश्वासू मापन आहे. १९७४ साली रॅमसे यांनी मांडलेली सहा पायऱ्यांची मोजपट्टी असो की नंतरच्या, सगळ्यांच्या मुळाशी हाच प्रतिसाद आहे. फक्त तो रुग्णाच्या भाषेत मागा. आपल्या शहरात आगरी, मराठी, मल्याळम, गुजराती, तेलुगू, भोजपुरी बोलणारी माणसं एकाच यादीत असतात. अर्धवट गुंगीत परकी भाषा आधी हरपते. सिस्टरने चार भाषांत 'हात दाबा' एवढे शब्द शिकून घेणं अवघड नाही.

मग हे करायचं कुणी? रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत स्पष्ट आहे की गुंगी देणारी आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी व्यक्ती तपासणी करणाऱ्या व्यक्तीहून वेगळी असावी. पण 'वेगळी' एवढ्याने भागत नाही. तीच सिस्टर बायोप्सीची बाटली लावते, सक्शन सांभाळते, पुढच्या रुग्णाची फाइल तपासते आणि अधूनमधून मॉनिटरकडे बघते. कागदावर नियम पाळला जातो आणि श्वासाकडे कुणाचंच लक्ष नसतं. धडधाकट रुग्णाच्या मध्यम गुंगीला प्रशिक्षित सिस्टर पुरेशी आहे, अट एवढीच की त्या वेळात तिला दुसरं काम नसावं. प्रोपोफॉलची गाढ गुंगी, ईआरसीपी, लहान मूल, अति वृद्ध, हृदय वा फुप्फुसाचा जुना आजार, रक्ताच्या उलट्या, यांसाठी भूलतज्ज्ञच हवा. नाणं किंवा बटणाचा सेल गिळलेल्या मुलाला तर श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल देणं बहुधा सुरक्षित ठरतं. लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, वाशीहून पनवेल आणि पनवेलहून ऐरोली करतात. त्यांची वाट पाहायला लागते म्हणून त्यांच्याविना गुंगी देऊन सुरुवात करायची, हे कोणत्याही यादीच्या दडपणाखाली होऊ नये.

धोका कुणाला जास्त, हे पाच मिनिटांच्या विचारपुशीत कळतं. घोरता का, घोरताना मधेच श्वास अडतो असं घरचे म्हणतात का? मान आखूड आहे का? तोंड किती उघडतं? गुटख्याने जबडा आखडलेले रुग्ण आपल्याकडे रोज दिसतात, आणि त्यांच्यात अडलेली वाट मोकळी करणं फार कठीण जातं. तोंड उघडून घशाचा मागचा भाग किती दिसतो यावरून अंदाज बांधायची पद्धत १९८५ साली मांडली ती शेषगिरी मल्लमपती यांनी, मूळच्या आंध्रच्या डॉक्टरांनी. ती करायला एक टॉर्च पुरते. आणि उपाशी राहणं. घन अन्नाला आणि दुधाला सहा तास, साध्या पाण्याला दोन तास. "काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतला" हे उत्तर इतकं नेहमीचं आहे की प्रश्नच बदलायला हवा : चहा कधी घेतला, दूध घालून का? हल्ली वजन आणि साखर उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं घेणारे लोकही येतात. त्या औषधांनी जठर रिकामं व्हायला उशीर लागतो, सहा तासांनीही आत अन्न सापडू शकतं. ती घेतो हे रुग्ण आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

तपासणी संपल्यावरची खोली आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षित आहे. घरी परत जायची घाई, कामावर हजेरी लावायची घाई, पुढच्या रुग्णाला खाट हवी असते. १९७० साली अल्ड्रेटे यांनी हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि रंग यांना प्रत्येकी दोन असे दहा गुण ठेवले. पुढे रंगाच्या जागी सॅच्युरेशन आलं. नऊ आले की या खोलीतून हलवता येतं. पण नऊ गुण म्हणजे पामबीच रस्त्यावर स्कूटर चालवायची परवानगी नव्हे. पुढचे चोवीस तास वाहन नाही, यंत्र नाही, मद्य नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही, आणि सोबत जबाबदार माणूस. मिडाझोलमने त्या काळातलं बोलणं स्मरणात राहत नाही, म्हणून सूचना रुग्णाला सांगून उपयोग नसतो. त्या सोबत आलेल्या माणसाला सांगायच्या आणि लेखी द्यायच्या. रात्री कुणाला फोन करायचा तो क्रमांक त्याच कागदावर हवा.

या पुस्तकाच्या लेखकांनी प्रकरणं सिस्टर आणि तंत्रज्ञ डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, आणि रुग्णांच्या घरच्यांना कळावं अशी भाषा राखली आहे. गर्भवती आणि यकृताच्या आजाराचे रुग्ण यांवरची प्रकरणं मला सर्वांत सकस वाटली. शेवटी एक नोंदीचा तक्ता जोडलेला आहे. सॅच्युरेशन ९० च्या खाली गेलं, लाट सपाट झाली, जबडा उचलावा लागला, बॅगने श्वास द्यावा लागला, उतारा द्यावा लागला, की तो भरायचा. त्यात रुग्णाचं नाव नाही, डॉक्टरांचं नाव नाही; वय, वजन, तपासणी, औषध, मात्रा, वेळ आणि काय केलं, एवढंच. शिक्षा करायला तो वापरला तर पुढच्या महिन्यापासून कुणी भरणार नाही, हे व्यवस्थापनाने समजून घ्यावं. वाशी ते पनवेल पट्ट्यातल्या रुग्णालयांनी हे तक्ते दर तीन महिन्यांनी एकत्र बसून वाचावेत, असं लेखकांनी सुचवलं आहे. मी त्या सूचनेच्या बाजूने आहे आणि पहिल्या बैठकीला येईन. तक्त्याचं पान सुटं फाडता येईल असं छापलं आहे. प्रती काढायला कुणाची परवानगी लागत नाही.